योरुबा हातांतली मेरी

आफ्रिकी कोरीवकामातली मेरी पाहिली की युरोपीय मूर्तीला आफ्रिकी चेहरा दिला आहे, असे म्हणून बहुतेक जण पुढे सरकतात. नायजेरियातील योरुबा समाजाच्या कारागिरांनी कोरलेल्या ख्रिस्ती मूर्तींबाबत मला हे म्हणणे फार उथळ वाटते. चेहरा कोरण्याची वेळ येते तोवर त्या मूर्तीचे योरुबापण ओंडक्यात केव्हाच ठरून गेलेले असते.

1947 साली नैर्ऋत्य नायजेरियातील ओये-एकिटी येथे ‘सोसायटी ऑफ आफ्रिकन मिशन्स’ या कॅथलिक संघाची एक कार्यशाळा सुरू झाली आणि फादर केविन कॅरोल यांनी तिच्यातील कामाला दिशा दिली. स्थानिक मूर्ती म्हणजे टाकून देण्याच्या वस्तू, असे मानणारे मिशनरी तोवर पुष्कळ होऊन गेले होते. कॅरोल यांनी मात्र राजवाड्यांचे खांब आणि देवांच्या उत्सवांची शिल्पे कोरण्याच्या परंपरेत वाढलेल्या कारागिरांनाच बोलावले. ओसी-इलोरिनचे विख्यात शिल्पी अरेओगुन यांचे चिरंजीव जॉर्ज बांदेले हे त्यांतले प्रमुख होते. पुढे जगभर नाव मिळवलेले लामिदी फाकेये त्यांच्याच हाताखाली तयार झाले. फाकेये मुसलमान होते, तरीही त्यांनी चर्चसाठी काम केले. याचे नवल आपल्यालाच अधिक वाटते, कारण ज्या देवाची मूर्ती कोरायची त्याचे भक्त असलेच पाहिजे, अशी अट योरुबा कारागिरांवर पूर्वीही नव्हती.

योरुबा कोरीवकाम टप्प्याटप्प्याने चालते. प्रथम वाकसाने ओंडक्यातून डोके, धड आणि पाय यांचे ढोबळ ठोकळे काढतात, मग त्या ठोकळ्यांतून कान, हात असे लहान भाग मोकळे करतात, त्यानंतर पात्याने पृष्ठभाग गुळगुळीत करतात आणि अगदी शेवटी केसांच्या वेण्या, पापण्यांच्या कडा व वस्त्रावरची नक्षी कोरतात. डोक्याचा आकार पहिल्याच टप्प्यात कायम होतो. प्रत्यक्षात माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण सातपट असते, या मूर्तींत ती जेमतेम चौपट भरते, कारण माणसाचे प्राक्तन डोक्यात वसते अशी योरुबांची धारणा आहे. म्हणून मेरीचे डोके मोठे, डोळे टपोरे आणि पाठ ताठ असते. पाठीशी बांधलेल्या किंवा मांडीवर घेतलेल्या मुलासह आई कोरण्याचा सराव तर या कारागिरांना परंपरेनेच होता, त्यामुळे मेरीसाठी त्यांना नवे असे फारसे शोधावे लागले नाही.

खरी अडचण क्रुसावरच्या ख्रिस्ताची आहे. योरुबा शिल्पातली व्यक्ती ऐन उमेदीच्या वयातली, समोर पाहणारी आणि चेहऱ्यावर कसलाही क्षोभ न दाखवणारी असते. संयम हाच तिथे सौंदर्याचा निकष. युरोपीय क्रुसावर मात्र मान कललेली, बरगड्या ताणलेल्या आणि वेदना उघड दिसते. या शैलीतला येशू क्रुसावरही स्थिरच राहतो, आणि ज्यांना त्याच्या यातना पाहायच्या असतात त्यांना तो कोरडा वाटण्याचा संभव आहे. मला स्वतःला हा स्थिरपणा पटतो, तरी मेरीच्या मूर्तींमधली सहजता त्यात नाही, हेही कबूल केले पाहिजे.

येशूजन्माच्या देखाव्यातले तीन राजे योरुबा ओबांच्या, म्हणजे तिथल्या राजांच्या, थाटात येतात आणि या हातांना ते विषय चांगलेच मानवतात. कार्यशाळा 1954 साली बंद झाली. तरी कारागिरांची कामे थांबली नाहीत. इबादान विद्यापीठातील कॅथलिक चॅपलची कोरीव दारे फाकेये यांची आहेत, आणि 2009 साली निधन होईपर्यंतच्या दीर्घ कारकिर्दीत त्यांनी चर्चबरोबरच राजवाड्यांचीही कामे केली.