आतेभावाच्या गाडीले ट्रान्सअ‍ॅक्सल कोणता घ्यायचा

आमचं ट्रॅक्टरचं गॅरेज दारव्हा रोडवर, सोयाबीनच्या सीझनमधे जेवाले टाइम नाई भेटत, तरी मागचा आठवडाभर रोज रात्री ऑस्ट्रेलियावाल्या आतेभावाशी तास-दीड तास फोनवर बोलून रायलो. पोट्टा घरी फोर्डच्या जुन्या रेसगाडी जीटी४० सारखी गाडी बनवून रायला, सीटच्या मागं शेवरोलेचं ६.२ लिटर एलएस३ इंजिन. दादा, ४३० हॉर्सपॉवर झेपंल असा ट्रान्सअ‍ॅक्सल, म्हणजे गिअरबॉक्स अन् चाकाले ताकद देणारं डिफ्रन्शियल एकाच धडात, सांग म्हणे.

म्हटलं पयले टॉर्क, म्हणजे इंजिनची पिळायची ताकद सांग, दात तोडते तो टॉर्क. ५७५ न्यूटन मीटर म्हणे. आता समजा पयला गिअर ३ चा अन् क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफ्रन्शियलचे दातेवाले गिअर, ३.५ चं, झालं साडेदहा पट, म्हणजे चाकाच्या शाफ्टवर ६००० च्या वर! अन् ट्रॅक्टरमधे पण गिअरबॉक्स-डिफ्रन्शियल एकाच धडात असते, म्हणून हे मले रोजचं. काळ्या मातीत चाक घसरते तवा क्राऊनले काही होत नाई, पण डांबरी रोडवर कापसाची भरलेली ट्रॉली घेऊन कोणी झटक्यात क्लच सोडला का दात गेलेच समजा. त्याच्या गाडीत इंजिनचं वजन मागच्या चाकांवर, टायर रुंद, म्हणजे घसरणं कमी अन् सगळा मार गिअरबॉक्सवर. फोर्डनं १९६६ ले ७ लिटरच्या जीटी४० मधे चारच गिअरचा टी-४४ ट्रान्सअ‍ॅक्सल टाकला अन् ले मांची रेस जिंकली, पोर्शच्या ९३० टर्बोत पण १९८८ पर्यंत चारच गिअर होते, कारण तेवढ्याच जागेत गिअर कमी तर दात रुंद बसते.

तो पोर्शचा पाच गिअरचा जी५० ट्रान्सअ‍ॅक्सल घेतो म्हणून बसला होता. पण तो ज्या पोर्श ९११ चा, तिच्यात इंजिन गिअरबॉक्सच्या मागं, ह्याच्या गाडीत पुढं, तसाच बसवला तर एक गिअर पुढचा अन् पाच रिव्हर्स! म्हणून लोकं तो उलटा करून बसवतात, मंग ऑइल सगळीकडं पोचलं पाह्यजे म्हणून त्याचं काम वेगळं. ऑडीच्या गिअरबॉक्सची दिशा बरोबर येते, पण त्यांचा सहा गिअरचा ०१ई ज्या आरएस४ गाडीत होता तिचा टॉर्क ४४०, मले ते कमी वाटलं.

शेवटी ऑडीच्याच आर८ व्ही१० गाडीचा सहा गिअरचा मॅन्युअल घे म्हटलं. इंजिन मधातच, दिशा बरोबर, कंपनीतूनच ५३० चा टॉर्क, अन् ती गाडी १६०० किलोच्या वर, ह्याची हजार-अकराशे, म्हणून वरचे ४५ मले चालते वाटते. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट तेवढा बंद करावा लागंल. महाग आहे, पण एकदा फुटलेलं हौसिंग वेल्डिंगनं पयल्यासारखं होत नाई, हे मी लय पाह्यलं.

आता इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट राह्यली. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनच्या क्रँकच्या सेंटरले नाई आला तर बेअरिंग खाऊन टाकते, म्हणून त्याले डायल गेज लावून फोटो पाठवाले सांगतलं, उद्या रात्री पाहतो.