बालवाडीची भोगी

भोगी म्हटलं की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातल्या बालवाडीचं अंगण डोळ्यांपुढे येतं. सतरंजीवर मेथी निवडणाऱ्या आया, चुलीवर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वाफ्यात उकिडवी बसून गाजरं उपसणारी तीन-चार वर्षांची पोरं. त्या दिवसाच्या भाजीतलं बरंचसं पोरांनीच पिकवलेलं असायचं, म्हणून भोगीची तयारी जूनमध्येच सुरू व्हायची.

पहिल्या पावसाबरोबर वाघ्या घेवडा. भौगोलिक मानांकन मिळालेला हा राजम्याचा इथलाच वाण. दाणा मोठा, अंगावर पट्टे, चिमुकल्या बोटांत नीट बसणारा. बी घरचंच घ्यायचं. दुकानातल्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती नको. दोन पेरं खोल, वीतभर अंतरावर टोकायचं. दाणे मोजूनच द्यायचे, कारण पोरं ते नाकात घालतात, आणि कच्चा दाणा पोटात गेला तर उलट्या होतात.

दसऱ्याच्या सुमाराला गाजर आणि हरभरा. वाफा अडीच फूट रुंद, म्हणजे दोन्हीकडून मुलांचा हात मधोमध पोचतो. काळी माती २ पाट्या, कुजलेलं शेणखत १, वाळू १. वाळू कमी पडली की माती आवळते. गाजराचं बी इतकं बारीक, की पोरं चिमूटच्या चिमूट एका जागी ओततात. एक चमचा बी वाटीभर कोरड्या वाळूत कालवलं की विरळ पडतं. उगवायला ८-१० दिवस लागतात. तोवर वरचा थर सुकता कामा नये, म्हणून ओलं गोणपाट अंथरायचं आणि पहिला कोंब दिसताच उचलायचं. पाणी घालायची हौस तर दांडगी! तांब्याने बी वाहून जातं; टोपणाला भोकं पाडलेली बाटली बरी. पुढे दोन-तीन बोटं अंतर ठेवून विरळणी. रोप उपटायला मोठ्यांचाच जीव धजत नाही, आणि मग भोगीला सुतळीएवढी गाजरं निघतात.

हरभऱ्याचे शेंडे महिन्याभराने खुडले की फुटवे येतात. सकाळी खुडताना पानांवरची आंब बोटांना लागायची. पोरं बोट चाटायची, डोळे गच्च मिटायची आणि परत चाटायची.

मेथी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थंडीत तिला ३५ दिवस तरी लागतात. पावटा, वांगी शेजारच्या रानातून यायची.

भाजीत पावटा बोटाने चिरडेल इतका शिजलेला, हरभरा ठेचून, गाजर किसून. गाजराच्या गोल चकत्या आणि अख्खे दाणे या वयात घशात अडकतात. तिखट बेताचं, तिळाचं कूट सढळ हाताने. घरी मेथीकडे ढुंकून न बघणारं पोर "ही माझ्या वाफ्यातली" म्हणत परत वाटी पुढे करायचं.

खडा लागून दोन पाय फुटलेलं गाजर मात्र कधी किसणीवर गेलं नाही. ते कुणाच्या तरी खिशातून, मातीसकट, घरी जायचं.