रॉकेटमधला स्विच कसा निवडावा

हौशी रॉकेटमध्ये बॅटरी आणि अल्टिमीटर (उंची मोजून पॅराशूटची दारू पेटवणारे उपकरण) यांच्यामधला स्विच क्षणभर जरी उघडला, तरी अल्टिमीटर रीसेट होऊन पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटतच नाही, असे होऊ शकते. म्हणून स्विच किती अँपिअरचा आहे यापेक्षा त्याचा संपर्क कशाच्या जोरावर टिकतो, हे मी आधी पाहतो. सरकत्या स्विचमध्ये हा जोर एका पातळ स्प्रिंगपत्तीचा असतो. तो वापरायचाच असेल, तर त्याची सरकण्याची दिशा रॉकेटच्या अक्षाला काटकोनात ठेवावी, म्हणजे उड्डाणाचा रेटा खटका सरकवणार नाही. तरीही धोका उरतोच, कारण दारूच्या स्फोटाचा आणि पॅराशूट उघडतानाचा हिसका वेगळ्याच दिशेने येऊ शकतो.

माझी पसंती स्क्रू स्विचला आहे. स्क्रू आवळला की त्याचे डोके बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर घट्ट दाबले जाते आणि हलण्याजोगे फारसे काही उरत नाही. मात्र अमेरिकेतील ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशनच्या नियमांप्रमाणे दारू पेटवणारी ही यंत्रणा रॉकेट उड्डाणाच्या पॅडवर उभे केल्यानंतरच चालू करायची असते, आणि तेव्हा शिडीवर चढून बारीक छिद्रातून स्क्रूड्रायव्हर लावणे कटकटीचे आहे. चुंबकाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचला ही कटकट नाही; परंतु तो बंद असतानाही बॅटरीतून थोडा प्रवाह घेत राहतो. स्विच कोणताही असो, डाखावर ताण येऊ नये म्हणून तारा त्याच्या जवळच बांधून टाकाव्यात.