तुम्ही विचारलंत म्हणून : आई परत का येत नाही

"आई परत का येत नाही रे तुझ्याकडे?"

मावशीनं विचारलं, आत्यानं विचारलं, दिवाळीत सांगलीला आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं. मामा वारले म्हणून आई जर्मनीहून, माझ्याकडून, मध्येच निघून आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न त्याच्या पुढचा असतो. तेरावं झालं, व्हिसाचे दिवस शिल्लक होते, मग परत का गेली नाही? आणि त्यानंतर एकदाही का नाही? एवढं बोलून विचारणारा थांबतो आणि माझ्या बायकोकडे बघतो.

त्या बघण्यापायी हे लिहितोय.

आधी माझी बाजू. आईला आणण्यात मी काही कमी पडलो नाही. जर्मनीत नातेवाइकाला बोलवायचं म्हणजे जिल्हा कार्यालयात जाऊन हमीपत्र करून द्यावं लागतं की, पाहुण्याचं राहणंखाणं, आजारपण, सगळा खर्च मी करीन. तीन महिन्यांच्या पगारपावत्या, भाडेकरार, २९ युरो फी. शिवाय ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून मी बोटांवर मोजून ८८ दिवसांचं तिकीट काढलं. ११ मे २०२४ ला आई उतरली. २६ जूनला गेली. ४७ दिवस.

आम्ही राहतो ते गाव उल्म शहरापासून पंचवीस किलोमीटरवर, पठारावर आहे. एक चर्च, एक बेकरी, अग्निशमन दलाची शेड. बस येते ती शाळेच्या वेळा धरून, आणि रविवारी येतच नाही. देशभर बसला आणि लोकल गाड्यांना चालणारा ४९ युरोंचा महिन्याचा पास मी आईला काढून दिला होता. पाचसहा वेळा वापरला असेल. आम्ही दोघं कामावर, मुलगा शाळेत. सकाळी सातपासून दुपारपर्यंत ती आणि घर.

फोनवर मी तिला सांगायचो, "गाव आहे, तुला करमेल." गाव म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं तासगाव आलं असणार, तिचं माहेर. उघडी दारं, ओट्यावर निवडणं-टिपणं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक. आमच्या गावात माणसं प्रेमळ आहेत, पण दाराच्या आत. रस्त्यात भेटली की "ग्र्यूस गॉट" म्हणतात. त्यात देवाचं नाव आहे असं मी सांगितलं, तेव्हापासून ती "राम राम" म्हणून उत्तर द्यायची आणि समोरचाही मान लववायचा. इकडे घरासमोरचा रस्ता आणि जिना झाडायची पाळी असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी अडकवतात. आई पाळी असो-नसो रोज सकाळी झाडायची. काम मिळालं म्हणून खूश होती. ती सुखात नव्हती असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

जूनच्या सुरुवातीला एकदा भर दुपारी चर्चची घंटा वाजायला लागली, नेहमीपेक्षा कितीतरी वेळ. काळ्या कपड्यातली माणसं कब्रस्तानाकडे चालली होती. अर्धं गाव असेल. आई खिडकीत उभी राहिली, हात जोडले. "यांच्यात दहावं असतं का रे?" मी म्हटलं, दहावं नसतं, पण दफन झाल्यावर सगळे एकत्र बसून जेवतात, गेलेल्याच्या आठवणी काढतात. "म्हणजे आहेच की," ती म्हणाली.

आता त्या रात्रीबद्दल.

२३ जून, रविवार. फुटबॉलची युरोपियन स्पर्धा जर्मनीतच चालू होती. फ्रँकफुर्टला जर्मनी विरुद्ध स्वित्झर्लंड. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये मोठा पडदा लावला होता. स्वित्झर्लंडनं पहिल्या अर्ध्या तासात गोल केला आणि गाव गप्प झालं. शेवटी ९२ व्या मिनिटाला फ्यूलक्रुगनं हेडरनं बरोबरी साधली, तेव्हा रात्रीचे जवळपास अकरा वाजले होते. भोंगे, ढोल, गाड्यांचे हॉर्न. खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहतात, वय सत्तरीच्या पुढं, ते ओरडल्याचं मी स्वतः ऐकलं. आई दचकून उठून बसली होती. "काय झालं?" "काही नाही, बरोबरी झाली."

रात्री पावणेदोनला मामेभावाचा फोन आला. तिकडे सव्वापाच. पहाटे मामांच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आईला मी सांगितलं. तिचा पाठचा भाऊ. ती आधी काहीच बोलली नाही, मग तिनं हंबरडा फोडला. आपल्याकडे बायका रडतात तसं, त्याचं नाव घेऊन, त्याच्याशी बोलत. "मला न सांगता कसा गेलास रे..." उकाडा होता, खिडकी सताड उघडी होती. सगळं गाव झोपलेलं.

आणि मी म्हणालो, "आई, हळू. हळू रड. खाली ऐकू जातंय."

बायको म्हणाली, "रडू द्या ना त्यांना." मी तिच्यावर खेकसलो, "तुला खालच्यांचं माहीत नाही का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. पदराचा बोळा केला आणि तोंडात धरला. मग ती उठली आणि खिडकीपाशी गेली. इकडच्या खिडक्यांना एकच मूठ असते. आडवी केली की झडप दारासारखी उघडते, वर केली की वरच्या बाजूनं आत कलते, खाली केली की बंद. आईला हे सहा आठवडे जमलं नव्हतं. झडप कलली की अंगावर पडेल म्हणून घाबरायची, मला नाहीतर नातवाला हाक मारायची. त्या रात्री तिनं झडप लावली, मूठ बरोबर खाली केली, एकदा ओढून बघितली आणि पलंगावर येऊन बसली. पुढं आवाज आला नाही. खांदे हलत होते.

रात्रभर चर्चची घंटा नेहमीसारखी दर पंधरा मिनिटांनी वाजत राहिली. मी ती मोजत होतो.

सकाळी पावणेसातला मी कामावर गेलो. हे कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहितो. मामासाठी हक्काची रजा मिळत नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे. पण माझी साधी रजा ३० दिवसांची असते आणि त्यातले ११ दिवस शिल्लक होते. घरी कोण थांबलं? बायको. तिनं रजा टाकली. तासगावहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा आईशेजारी ती बसली होती. मातीला जाता आलं नाही, मामांचं तोंड फोनवर पाहावं लागलं, मध्ये मध्ये चित्र अडकत होतं. रक्षाविसर्जनही चुकलं. बुधवारी म्युनिकहून विमानात बसवलं तेव्हा कुठं ती दहाव्याला पोचली. तिकीटही बायकोनंच शोधलं. मी "दोन दिवस थांबून बघू, भाडं उतरेल" म्हणत होतो.

तेव्हा सूनबाईचं काय चुकलं, ते मला सांगा.

त्या रात्रीच्या माझ्याशी मी पुष्कळ भांडलो आहे. तो म्हणतो, तुला घर मिळायला सात महिने लागले होते, आठव. रविवारी वॉशिंग मशीन लावलं तेव्हा पत्रपेटीत मालकांची चिठ्ठी आली होती. भाषा सभ्य होती, पण तू ती अजून जपून ठेवली आहेस. रात्री दहा ते सहा शांतता, हे भाडेकरारात लिहिलेलं आहे. मुलाचे मित्र याच गल्लीत आहेत. आई नव्वद दिवसांची, तुला जन्म काढायचाय.

मी त्याला म्हणतो, माणूस दहा-पंधरा मिनिटं रडतं. तीन तासांपूर्वी हेच गाव बोंबलत होतं. आणि या गावाला मरण कळत नाही असं थोडंच आहे? ती घंटा ऐकलीस, अर्धं गाव चालत गेलेलं बघितलंस. सकाळी खाली जाऊन "माझे मामा गेले" एवढं जर्मनमध्ये सांगायला तुला किती शब्द लागले असते? मी सांगितलं नाही. त्या रात्री त्यांना ऐकू गेलं की नाही, हेही कधी विचारलं नाही. सांगितलं असतं तर ते वर आले असते, असं मला आता वाटतं. आले असते तर आईशेजारी कुणीतरी बसलं असतं. सोमवार, मंगळवार समाचाराला एकही माणूस आलं नाही, येणार तरी कसं, कळवलं कुणी होतं?

पण तो अगदीच चुकला असंही मला म्हणवत नाही. परक्या मुलखात भाड्यानं राहणाऱ्याची भीती काय असते ते ज्यानं त्यानं राहून बघावं. मुलगा जिन्यात धावला की अजूनही माझ्या तोंडून पहिला शब्द "हळू" असाच निघतो.

आईनं या सगळ्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. तेराव्यानंतर मी म्हटलं, अजून ४३ दिवस शिल्लक आहेत, व्हिसा दुसऱ्यांदा चालतो, ये. ती म्हणाली, "आता पावसाळा होऊ दे." पुढच्या वर्षी म्हणाली, "गुडघे दुखतात." त्यानंतर महिला मंडळाबरोबर रेल्वेनं काशीला जाऊन आली, घाट चढली-उतरली, फोटो पाठवले. बायको म्हणते, तुम्ही त्या एका शब्दाला धरून बसलाय, त्यांना इथले रविवार खायला उठायचे, एवढंच आहे. असेलही. भाऊ गेल्यावर बाईला आपल्या माणसांपासून लांब जावंसं वाटत नसेल, तसंही असेल. आईला विचारलं तर कळेल. मी विचारलेलं नाही.

यंदा पुन्हा जिल्हा कार्यालयात जाऊन हमीपत्र करून आणलंय. ते सहा महिने चालतं. टेबलाच्या खणात ठेवलंय, त्यातले तीन महिने झाले. रविवारी तिचा फोन येतो, अर्धा तास बोलतो आम्ही, नातवाचा अभ्यास, तिच्या गुडघ्याचं तेल, पाऊस. खणातल्या कागदाचं अजून तिच्या कानावर घातलेलं नाही.