अर्ध्या बोटाची जागा

पायपुसण्याला अडकणारे दार पुरते बिघडलेले नसते आणि नेमक्या याच कारणाने ते वर्षानुवर्षे तसेच राहते. नळ गळू लागला की टाकी रिकामी होते, दिवा गेला की अंधार पडतो, कडी तुटली की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्यामुळे या गोष्टींची दखल घरात ताबडतोब घेतली जाते. पायपुसण्याला अडकलेले दार मात्र जरा जोर लावला की उघडते, आलेला माणूस आत येतो, पायपुसण्याची एका बाजूला वळकटी होते आणि ती पायाच्या अंगठ्याने सरळ करण्याचे काम जो सर्वांत शेवटी आत येतो त्याच्या वाट्याला जाते. आतून दार उघडणाऱ्याने एका हाताने कडी काढायची आणि त्याच वेळी पायाने पायपुसणे मागे सारायचे, ही कसरत घरातल्या लहानथोरांच्या इतकी अंगवळणी पडते की एखादा पाहुणा दारात ठेचकाळला म्हणजेच आपल्या दारात काही खोट आहे याची घरच्यांना आठवण होते. पाहुणाही बिचारा "असू दे, असू दे" म्हणतो आणि विषय चहाकडे वळतो.

बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. तिथल्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या. सागवानी दाराच्या एका कडेला वर आणि खाली लाकडातच घडवलेले खुंट होते. खालचा खुंट दगडातल्या खळग्यात आणि वरचा चौकटीच्या भोकात बसलेला असे आणि त्यांवर ते अवजड दार कुरकुरत फिरे. खाली चांगला चार बोटे उंच उंबरठा होता. बाहेरून आलेल्या माणसाने ओट्याच्या कडेला बादलीतल्या पाण्याने पाय धुवायचे, उंबरठ्याबाहेर घडी करून टाकलेल्या गोणपाटावर ते पुसायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे, असा शिरस्ता होता. दार आत उघडे, गोणपाट बाहेर असे आणि दोघांच्या मध्ये उंबरठा असे. त्यांची गाठ पडण्याची सोयच नव्हती. उंबरठा हे मुळात दाराखालची फट झाकण्यासाठी आणि पावसाचे पाणी, विंचूकाटा बाहेर ठेवण्यासाठी बसवलेले लाकूड. मर्यादा, अब्रू, माप ओलांडणे वगैरे गोष्टी त्याला मागाहून येऊन चिकटल्या असाव्यात, असे माझे आपले मत आहे.

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि उंबरठा गेला. त्याच्या जागी ग्रॅनाइटची एक पट्टी आली, जिची उंची इतकी बेताची आहे की दसऱ्याला हळदकुंकू वाहताना ती आधी शोधावी लागते. शिवाय हल्लीच्या रिवाजाप्रमाणे एका दाराची दोन दारे झाली: लाकडी दार आत उघडणारे आणि त्याच्यापुढे जाळीचे लोखंडी दार बाहेर उघडणारे. म्हणजे पायपुसणे बाहेर टाकावे तर जाळीचे दार त्याला जिन्याकडे ओढून नेते आणि आत टाकावे तर लाकडी दार त्याला दिवाणखान्यात ढकलते. बाहेर टाकलेले पायपुसणे जिना झाडणारी बाई उचलून कठड्यावर ठेवते आणि ते तिथेच राहते, म्हणून आम्ही आतली बाजू पत्करली. बहुतेक शेजाऱ्यांनीही हाच निर्णय घेतलेला दिसतो, कारण सकाळी दुधाच्या वेळी मजल्यावरची दारे उघडू लागली की प्रत्येक दारामागून तोच खरडल्याचा आवाज ऐकू येतो.

आमचे पायपुसणे मंगळ बाजारातून आणलेले, काथ्याचे, दाराच्या पूर्ण रुंदीचे आणि त्यावर गुजरातीत 'भले पधार्या', म्हणजे 'भले आलात', असे लाल अक्षरांत छापलेले आहे. काथ्याचे पायपुसणे जाड असते, ही त्याची हौस नव्हे. नारळाच्या सोडणाचे हे राठ तंतू विणीत उभे राहतात, चपलेच्या तळव्याला खरवडतात आणि खरवडलेली माती वर न ठेवता आपल्या मुळाशी पडू देतात. तंतू आखूड केले तर माती वरच राहून पुन्हा पायाला लागते. केरळात अलेप्पीला जेम्स डॅरा याने १८५९ मध्ये काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला तेव्हापासून हा माल परदेशांतल्या दारांत जाऊन पडू लागला. आमच्याकडचे पायपुसणे पंधरा मिलिमीटर जाड भरले. दाराखाली, दार नवे होते तेव्हा, त्याहून किंचित जास्त जागा असावी, कारण पहिली काही वर्षे दोघांचे बरे चालले होते. नंतर केव्हातरी 'भले'वर एक कमानदार पांढुरकी रेघ दिसू लागली, रेघेचा पट्टा झाला आणि शेवटी 'भले' पुरते पुसले जाऊन नुसते 'पधार्या' उरले, ज्यात स्वागतापेक्षा वस्तुस्थितीची नोंद अधिक वाटते.

पावसाळा असल्यामुळे घरात निदान एकमताने झाले: दार फुगले. हे निदान इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी कोणी करत नाही, आणि ते निम्मे खरेही आहे. लाकूड हवेतली ओल शोषून फुगते. पण ते सगळ्या दिशांनी सारखे फुगत नाही. खोडातले तंतू जसे उभे असतात तसेच ते कापलेल्या फळीतही लांबीच्या दिशेने असतात आणि ओल आली की ते जाडीला फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीच. ओले लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत त्याच्या लांबीत पडणारा फरक हजारात एक-दोन भागांचा असतो; रुंदीतला फरक मात्र सागासारख्या गुणी लाकडातही शंभरात तीन ते सहा भागांपर्यंत जातो. दाराच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या उभ्या असतात, त्यांचे तंतूही उभे, म्हणून श्रावणात दार रुंदीने वाढून चौकटीला घासते, कडी कोयंड्यात बसत नाही, हे सगळे होते. पण सात फुटांचे दार एका पावसाळ्यात खाली लांबून पायपुसण्यावर टेकेल, हे होत नाही. खाली अडकणाऱ्या दाराचा दोष पावसावर घालता येत नाही, तो दुसरीकडे शोधावा लागतो.

तो आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीने फार लवकर शोधला. मला वाटले होते की तो वाकून दाराखाली पाहील. त्याने वर पाहिले. दार बंद करून त्याने चौकटीचा माथा आणि दाराची वरची कड यांच्यामधल्या फटीवर नजर फिरवली. बिजागरीच्या बाजूला ती फट नखाएवढी होती आणि कडीच्या बाजूला तिच्यात पेन्सिल जाऊ शकली असती. मग त्याने पायपुसणे उचलून उजेडाकडे धरले आणि त्यावरच्या झिजलेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. पट्टा तीन-चार बोटांचाच होता आणि मोकळ्या कोपऱ्याच्या वाटेवर होता. पायपुसणे फाजील जाड असते तर दार त्याच्या सबंध अंगावरून घासले असते; फरशी आत चढती असती तर दार सुरुवातीला मोकळे फिरून पुढे अडकले असते; इथे फक्त एक कोपरा खाली आला होता. "साहेब, बारणुं फूल्युं नथी, नमी गयुं छे," म्हणजे दार फुगलेले नाही, झुकले आहे, असे म्हणून त्याने दाराची कडी धरून दार हलकेच वर उचलले, तेव्हा वरच्या बिजागरीचे पान चौकटीपासून सुटून परत बसताना टकटक वाजले.

दाराचा सगळा भार वरच्या बिजागरीला कसा छळतो, हे मला त्या आवाजाने कळले. लहान मूल आईचा हात धरून चालता चालता लोंबकळू लागते, तेव्हा आईच्या हाताला ओढ बसते आणि मुलाचे पाय तिच्याच पायांवर दाबले जातात. दाराचेही तेच आहे. वरची बिजागरी चौकटीतून बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते, आणि दोहोंपैकी स्क्रू सुटतात ते वरचे. हिशेबही सोपा आहे: दोन टोकांच्या बिजागऱ्यांत पाच फुटांचे अंतर आणि दाराची रुंदी तीन फूट असेल, तर वरची बिजागरी पाच मिलिमीटर सुटली की मोकळा कोपरा तीन मिलिमीटर खाली येतो. पायपुसण्याशी वैर धरायला तेवढे पुरते.

स्क्रू का सुटले, याचे उत्तर त्याने ते काढल्यावर मिळाले, कारण ते काढावे लागलेच नाहीत, बोटांनी बाहेर आले. इमारत उभी राहताना दारे बसवणारे कारागीर घाईत स्क्रू हातोडीने ठोकतात आणि शेवटचे दोन-तीन फेरे तेवढे पेचकसाने देतात. वरून काम देखणे दिसते. आत मात्र स्क्रूच्या आट्यांनी लाकडात वाट कापत जाण्याऐवजी तंतू फाडलेले असतात आणि आट्यांना धरायला काही उरत नाही. सयाजीराव महाराजांनी याच शहरात १८९० मध्ये कलाभवन काढले ते हातांच्या कसबाला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. पुढे त्यातून आजच्या विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा उभी राहिली. त्या कलाभवनापासून फारशा लांब नसलेल्या इमारतीत स्क्रू खिळ्यासारखे ठोकले गेले, याचे मला दारापेक्षा अधिक वाईट वाटले.

दुरुस्ती पाहत बसण्यासारखी होती. त्याने मोकळ्या कोपऱ्याखाली लाकडी पाचर हळूहळू ठोकत माथ्याची फट दोन्ही टोकांना सारखी होईपर्यंत दार उचलून धरले. रुंदावलेल्या भोकांत बसतील अशा बांबूच्या काड्या तासल्या, त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकांत गच्च ठोकल्या आणि बाहेर आलेली टोके पटाशीने चौकटीला लागून सपाट कापली. मग तो चक्क थांबला. चहा घेतला, शेजारच्या घरातला ओटा पाहून आला आणि डिंक धरल्यावरच त्याने बारीक गिरमिटाने नवी भोके पाडून जुन्यांपेक्षा लांब, दोन इंची स्क्रू पेचकसाने शेवटपर्यंत फिरवत बसवले. स्क्रूच्या आट्यांना त्याने साबणाच्या वडीवर ओढून घेतले होते, त्यामुळे ते न कुरकुरता आत गेले. पाचर काढल्यावर दार फिरवले तेव्हा काथ्याची नुसती टोके हलली.

या सगळ्याच्या आधी दार रंधून घेण्याचा सल्ला आम्हांला अनेकांनी दिला होता. त्याचा मोह पडतो, कारण त्यात विचार करावा लागत नाही. परंतु रंध्याखाली गेलेले लाकूड परत येत नाही, आणि पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कड चौकटीशी जुळवून तासली तर मार्गशीर्षात तिथून बाहेरचे दिवे दिसतात. खालची बाजू तासण्याचे दुष्टचक्र तर आमच्याच मजल्यावर पाहायला मिळते. एका घरी दार अर्धा इंच कापले. फटीतून मुंग्या, उन्हाळ्यातली धूळ आणि पाल येऊ लागली. ती अडवायला दाराच्या तळाला रबरी पट्टी लावली. आणि आता ती पट्टी पायपुसण्याला अडकते. ज्यांच्याकडे जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवली आहे त्यांना दार कापण्यावाचून गत्यंतर नसते, हे खरे. इतरांनी करवतीपूर्वी पेचकस हाती घ्यावा. उघडताना दार आपोआप वर चढवणाऱ्या, तिरकस काटाच्या बिजागऱ्याही मिळतात आणि त्या हुशारीच्या आहेत, पण दार पुढे थोडे उंच जाणार म्हणून त्याचा माथाही तासावा लागतो. आमच्या चिरंजीवांनी पायपुसणे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फरशीला बसवले होते. ते जागचे हलले नाही, तेव्हा दारच उघडेना.

जाताना मिस्त्रीने सौ.चा हातातला आरसा मागून घेतला, दाराखाली सरकवला आणि मला वाकून पाहायला लावले. बाहेरून तीनदा रंगवलेल्या त्या दाराचा तळ अगदी कोरा होता, लाकडाचा मूळ रंग दाखवणारा. दारे बसवून झाल्यावर रंगारी येतात, त्यामुळे त्यांचा ब्रश तिथे पोहोचत नाही, आणि फरशी पुसताना रोज जे पाणी लागते ते याच कोऱ्या कडेतून, तंतूंच्या उघड्या टोकांतून, सर्वांत भराभर वर चढते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यांवरच्या फ्लश दारांचे प्लाय खालूनच सुटू लागले होते, आणि त्यानंतर आपण जिथे जिथे जातो तिथे हा आरसा आधी लावतो, असे तो म्हणाला. दिवाळीनंतर, लाकूड कोरडे झाल्यावर, दार उतरवून तळाला रंगाचे दोन हात द्यायचे ठरले आहे. तोपर्यंत फरशी पुसणाऱ्या बाईंनी दारापाशी फडके पिळून घ्यावे असे सौ.ने त्यांना सांगितले आहे, आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहे.