कॉलेजात शिकवतात ते कोर्टात चालतं का?

लॉला प्रवेश घेतलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, मला हमखास विचारतात, "मॅडम, कॉलेजात शिकवतात त्याचा कोर्टात उपयोग होतो का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. होतो. पण ज्याचा होतो, तेच आम्ही मन लावून केलं नाही.

अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल काही नसतं, ही तक्रार खरी नाही. बार काउन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार चार प्रॅक्टिकल पेपर सक्तीचे आहेत. त्यातल्या मूट कोर्टच्या (म्हणजे कॉलेजातच लढवायच्या लुटुपुटीच्या खटल्याच्या) पेपरात 30 गुण मूटला, 30 दोन खटले बसून पाहण्याला, 30 पक्षकाराची मुलाखत आणि पूर्वतयारीच्या डायरीला, उरलेले 10 तोंडीला. मूटसाठी आम्ही रात्री जागवल्या. डायरी मात्र वरच्या वर्गातल्या मुलीची उतरवून काढली. (तिनेही कुणाची तरी उतरवलेलीच होती, पक्षकार वर्षानुवर्षं तोच.)

पुढे तालुक्याच्या कोर्टात सीनियरकडे लागले आणि बांधाच्या भांडणातला मनाईचा दावा लिहायला मिळाला. मूटमध्ये हकीकत छापूनच येते: अ ने ब ला जमीन विकली. इथे एक आजोबा पिशवीतून सातबारा, जुनं खरेदीखत आणि लग्नपत्रिकेत गुंडाळलेल्या पावत्या काढून बसले आणि थेट वडिलांच्या वाटणीपासून सांगू लागले. मी कागद ठेवून घेतले, बोलणं थांबवलं. मिळकत ओळखता येईल असं वर्णन हवं, हा दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 7 नियम 3 मला पाठ होता. म्हणून खरेदीखतातल्या चतुःसीमा जशाच्या तशा उतरवल्या. पूर्वेचा शेजारी केव्हाच जमीन विकून गेला होता, आणि बांध नक्की कुठल्या अंगाने कोरला जातोय, हे मी विचारलंच नव्हतं.

सीनियरनी मसुदा बाजूला सारला आणि आजोबांपुढे कोरा कागद ठेवला. "दादा, तुमचं शेत काढून दाखवा. विहीर कुठंय?" पंधरा मिनिटांत ताबा, वहिवाट, साक्षीदार सगळं बाहेर आलं.

निशाणी 5 (तात्पुरत्या मनाईचा अर्ज), पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), से (अर्जावर समोरच्याचं म्हणणं) हे शब्द सहा महिन्यांत अंगवळणी पडतात. त्यासाठी कॉलेजला बोल लावण्यात अर्थ नाही. कलमांच्या पाठांतराचं तर विचारूच नका. 1 जुलै 2024 ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं 302 जाऊन 103 आलं.

हल्ली डायरीवर सही मागायला इंटर्न येतात, तेव्हा मी त्यांना बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकाराकडे पाठवते. बहुतेक जण आधी त्याला कायदा समजावून सांगायला लागतात.