साखळी कुठे बांधायची

वादळात पडलेली दोन मोठी झाडे तुकडे करून छोट्या ट्रॅक्टरने बाहेर काढण्याचे काम मी नुकतेच पूर्ण केले. या कामात अश्वशक्तीचा प्रश्न फारसा येतच नाही, हे मला जरा उशिराच उमगले. पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्याला न झेपणारा ओंडकासुद्धा काही अंतर सहज ओढतो, आणि तो ओढतो म्हणूनच आपण गाफील राहतो.

ओंडक्याचे वजन नजरेने ठरवणे मी आता सोडून दिले आहे. जाडी मीटरमध्ये मोजून तिचा वर्ग करायचा, त्याला ०.७८५ ने आणि मग लांबीने गुणायचे, की घनमीटर मिळतात. ओल्या लाकडाच्या एका घनमीटरचे वजन हजार किलो धरले तर बहुतेक झाडांच्या बाबतीत अंदाज कमी पडत नाही, मात्र पाण्यात बुडणारे जड लाकूड असेल तर त्याहूनही जास्त धरावे लागते. या हिशेबाने ५० सेंटिमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका ५९० किलोच्या आसपास भरतो, तर तेवढ्याच लांबीचा २५ सेंटिमीटरचा ओंडका जेमतेम १५० किलो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होते, हे कागदावर सर्वांनाच ठाऊक असते. करवत हातात असताना मात्र ‘आणखी एक मीटर लांब ठेवू, एक फेरी वाचेल’ असाच विचार मनात येतो.

माझी चूक वजनाची नव्हती, जागेची होती. ओंडक्याचे तोंड मातीत रुतू नये म्हणून मी साखळी उंचावर, टॉप लिंकच्या (मागे आसाच्या वर असलेल्या, अवजार जोडायच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला अडकवली होती. थोडे अंतर सुरळीत गेले, मग ओंडका एका बुंध्याला अडला, मागची चाके जमिनीला घट्ट धरून राहिली आणि पुढची चाके वर उचलली गेली. क्लच वेळीच दाबला गेला, एवढेच.

असे का होते, ते समजून घेतले की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. मागची चाके फिरू शकली नाहीत, तर आसाला मिळणारा पीळ ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती मागे फिरवू पाहतो. ओढ आसाच्या खाली असलेल्या ड्रॉबारवर, म्हणजे ओढण्यासाठीच्या मागच्या दांड्यावर असेल, तर पुढचा भाग उचलला जाताच ड्रॉबार जमिनीकडे झुकतो, ओढीचा उलटवणारा जोर कमी होतो आणि ट्रॅक्टर बहुधा स्वतःच सावरतो. साखळी आसाच्या वर बांधलेली असेल, तर तीच ओढ ट्रॅक्टरला मागे पाडायला मदत करते. मागे उलटणारा ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जायला एक सेकंदही लागत नाही, म्हणजे धोका लक्षात येऊन पाय क्लचपर्यंत पोहोचेल, याची काहीच खात्री नसते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चालकाच्या रक्षणासाठी चौकट सक्तीची केली, त्यामागे हेच उलटण्याचे अपघात होते. ती चौकट उभी असेल तरच सीटबेल्ट लावावा. चौकट दुमडलेली असताना पट्टा बांधून बसणारा माणूस ट्रॅक्टरखालीच अडकतो. फांद्या आड येतात म्हणून चौकट दुमडण्याचा मोह होतो. त्यापेक्षा फांद्या तोडाव्यात.

ओंडक्याचे तोंड उचलायचेच असेल, तर मागच्या खालच्या दोन भुजांमध्ये आडवा दांडा बसवून त्याला आखूड साखळी बांधावी आणि तोंड वीतभरच उचलावे. ओढीची जागा कोणत्याही परिस्थितीत आसाच्या वर जाता कामा नये. एक टोक उचलले की ओंडक्याचे जवळपास निम्मे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूवर येते. ५९० किलोच्या ओंडक्याचे जवळपास ३०० किलो मागे टेकले, की तेवढ्याने पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे वजने लावणे हा त्यावरचा सरळ उपाय. मी ती लावण्याचा कंटाळा करत असे.

साखळीला ढील देऊन झटका देणे, हा प्रकार मी कोणाच्याही हाती ट्रॅक्टर दिला तरी चालू देत नाही. झटक्यात साखळीवर येणारा ताण स्थिर ओढीच्या कितीतरी पट असतो. नायलॉनचा दोर तर ताणला जाऊन ऊर्जा साठवतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. प्रमाणित साखळी घ्यावी, तिची फास ओंडक्याच्या टोकाजवळ घट्ट बसवावी आणि ढील हळूहळू काढून मगच ओढायला सुरुवात करावी. मदतनीस साखळीच्या आणि ओंडक्याच्या एकत्र लांबीपेक्षा दूर उभा असावा, कारण वळणावर ओंडक्याचे मागचे टोक आडवे झाडते.

उतारावर आडवे जाऊ नये, सरळ वर किंवा सरळ खालीच जावे. उतरताना सुरुवातीपासून खालचा गिअर असावा आणि चारचाकी ड्राइव्ह चालू असावा, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि ड्राइव्ह चालू असेल तर पुढची चाकेही धरतात. ओला उतार आणि साल निघालेला ओंडका एकत्र आले, तर ओंडका स्वतःच घसरून मागच्या चाकांवर येतो. अशा वेळी मी फेरी रद्द करतो.

पुढच्या लोडरने, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या उचलण्याच्या भुजांनी, ओंडका उचलताना धोक्याची दिशा बदलते. तेव्हा मागे वजन लागते, आणि ओंडका जमिनीपासून जेमतेम वर ठेवूनच चालावे लागते. भुजा उंच केल्या तर गोल ओंडका त्यांच्यावरून घरंगळत थेट चालकाच्या अंगावर येऊ शकतो.

ठिकाणावर पोहोचल्यावर आधी ओंडका पूर्ण जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढावा, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पाचरी ठोकाव्यात आणि मगच, उताराच्या वरच्या बाजूला उभे राहून, साखळीची फास सोडावी.